पुतळाबाईंच्या नावाचा कॉम्प्रेसर

शिवा तांडेलला नुसतं शिवा म्हणणारी माणसं गावात आता फारशी उरली नव्हती. नेरूळच्या खाडीकडच्या बाजूला त्याचं गाव. नव्या शहरासाठी शेती गेली, मिठागरं गेली, बदल्यात सरकारकडून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली आणि इमारतीबरोबर शिवाही मजला-मजला वाढत शिवाशेठ झाला. गळ्यात जाड साखळी आली, पायात पांढरे बूट आले. माणूस वाईट नव्हता. कुणाकडे मयत असो नाहीतर हळद, शिवाशेठ सगळ्यांच्या आधी हजर. एकच खोड होती त्याला. जे काही करायचं ते दिसलं पाहिजे. गावदेवीच्या देवळाला त्याने दिलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर त्याचं नाव आहे, आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही म्हणून तो भर उन्हाळ्यातसुद्धा बटण दाबू देत नाही, असं लोक म्हणायचे. लोक काय, काहीही म्हणतात. पात्यांवर नाव होतं एवढं मात्र खरं.

त्याची बायको पुतळा अगदी उलट स्वभावाची. अंगाने भरलेली, हसायला मोकळी आणि कुठे आपलं नाव यावं याची जराही हौस नसलेली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं तिने मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. पुढे घरात बाया कामाला आल्या, पण पुतळाच्या दंडातला जोर काही गेला नाही. बसून खायचं म्हटलं की तिला चैन पडत नसे.

त्यांची नात मनस्वी शाळेतल्या कुणाचं तरी बघून रायफल शूटिंगच्या क्लबात जायला लागली. क्लब म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा लांबुळका गाळा. एका टोकाला उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला कागदाची निशाणं. नमिता मॅडम तिथे शिकवायच्या. स्वतः चांगल्या खेळलेल्या, बोलायला मऊ. मनस्वीला सोडायला आणि आणायला पुतळा जायची, आणि मधला वेळ भिंतीला टेकून बसायची.

या स्पर्धेच्या रायफली हवेवर चालतात. नळीखाली एक छोटं सिलिंडर असतं, त्यात हवा ठासून भरायची. गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या ऐंशी-नव्वद पट दाबाची. क्लबाकडे तेव्हा मशीन नव्हतं, उभं राहून मारायचा हातपंप होता. सुरुवातीला तो सायकलच्या पंपासारखा जातो, पण सिलिंडर भरत आलं की पोरी अक्षरशः त्याच्यावर लोंबकळायच्या आणि दांडा जागचा हलायचा नाही. मग हात थरथरायचे, आणि थरथरत्या हाताने नेम कसला लागतोय.

पुतळाने हे दोन-चार दिवस पाहिलं आणि पदर खोचला. "सरा गो पोरींनो बाजूला," म्हणाली. अंगाचा सगळा भार टाकून तिने तो पंप असा मारला की नमिता मॅडम बघत राहिल्या. त्या दिवसापासून सगळ्या पोरींच्या रायफलींत हवा भरायचं काम पुतळाचं झालं. घाम पुसत ती पंप मारायची, मधूनच कुणाच्या तरी निशाणाचा कागद हातात घेऊन भोकं बघायची, आणि सुटताना पोरींच्या हातावर घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकट ठेवायची. सगळ्या तिला आजी म्हणायच्या.

हे शिवाशेठला कळलं ते भलतीकडून. एका हळदीत कुणीतरी त्याला चार माणसांत विचारलं, "काय शेठ, वहिनींना कामाला लावलीव का? पंप मारताना बघितली." लोक हसले, शेठही हसला, आणि घरी येऊन मात्र त्याने तोंड सोडलं. "तांडेलाची बायको हायेस तू. तिथं काय गडीकाम करतंस? पंप मारतंस ते गावात कोनाला सांगू नको." पुतळा म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण क्लबात म्हणून कधी पाऊल टाकलं नाही. मनस्वी जेवताना काही सांगायला लागली की तो म्हणायचा, "बंदुकीचं नंतर, आधी जेव." ते नंतर कधी आलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुतळा तापाचं निमित्त होऊन गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलंच. दहाव्याला नमिता मॅडम क्लबातल्या सगळ्या मुलींना घेऊन आल्या. त्या मुली रांगेत बसून ज्या रडल्या, ते बघून शिवाशेठ गोंधळून गेला. नात्याच्या बायका रडतात ते त्याला माहीत होतं. या मुली कोण कुठल्या, आणि आपल्या बायकोसाठी एवढ्या रडतात का, हे त्याला उमगेना. त्याच्या काळजात कुठेतरी बोचलं. पण शिवाशेठला बोचलं की तो देणगी देतो, तसं त्याने नमिता मॅडमना तिथल्या तिथे सांगून टाकलं, "वर्षश्राद्धाच्या आत क्लबाला हवेचं मशीन देतो. तिच्या नावानं. आता कोना पोरीला पंप मारायला लागू नये."

खरं सांगायचं तर त्या वाक्यापर्यंत सगळं सरळ होतं. पुढे बिघडलं.

वाशीला नदीमचं दुकान आहे. पाण्याखाली काम करणारे पाणबुडे, आग विझवणारी माणसं, यांच्या पाठीवरची सिलिंडरं भरायची मशीनं तो विकतो आणि दुरुस्तही करतो. मूळचा उरणकडचा, शिवाशेठच्या ओळखीतला. त्याने शेठसमोर तीन मशीनं मांडली. पहिलं अगदी छोटं, गाडीच्या बॅटरीवर चालणारं. "हे एकट्या माणसाला ठीक. एक रायफल भरली की दम खाऊ द्यायचा. क्लबात टिकणार नाही," नदीम म्हणाला. दुसरं उघडंवाघडं. लोखंडी सांगाड्यावर मोटर, पट्टा, पंख्यामागे पत्र्याच्या चकत्या, वळसे घेत गेलेली तांब्याची नळी आणि बाजूला उभा फिल्टर. "हे घ्या शेठ. दिसायला भंगार, पण सगळं डोळ्यासमोर. आपली खाडीची हवा, पानी फार असतं तिच्यात. ते पानी बंदुकीत गेलं की आतून गंज धरतो. याचा फिल्टर बघा केवढा, आणि पानी सोडायचा नळ हाताशी."

शिवाशेठने त्या मशीनला दोन फेऱ्या मारल्या. खाली वाकून बघितलं, मागून बघितलं. नदीमला वाटलं शेठ नळ्या बघतोय.

"याच्यावं पाटी कुठं लावायची?" शेठने विचारलं.

"पाटी? याच्यावर कशी लावणार? सगळ्या नळ्या आणि पाती."

"मग हा?" शेठने तिसऱ्याकडे बोट केलं. ते होतं बंद कपाटासारखं, गुळगुळीत पत्र्याचं, निळं, कमरेपेक्षा उंच. एका अंगाला आडव्या फटींची जाळी. नदीम म्हणाला, हेही मशीन उत्तम आहे, आवाज कमी करतं, फक्त ही जाळी नेहमी उघडी पाहिजे. पंखा गार हवा इथूनच ओढतो. भिंतीला टेकवायचं नाही, कापड टाकायचं नाही. शेठने मान डोलावली. तो तेव्हा हाताच्या वितीने पत्रा मोजत होता.

मग पाटी. सुरुवातीला मजकूर एका ओळीचा होता: कै. सौ. पुतळा शिवा तांडेल यांच्या स्मरणार्थ. मग देणाऱ्याचं नाव हवंच, म्हणून श्री. शिवाशेठ तांडेल, माजी खजिनदार, गावदेवी उत्सव मंडळ. मग मुलगे रणजीत आणि प्रीतम, मग सुना, मग नातवंडं. मग भावाने फोन केला, आमचं नाव का नाही. त्यांच्यात पत्रिकेवर एखाद्या काकाचं नाव राहिलं तर तो काका हळदीला येऊन जेवत नाही, तेव्हा भाऊ, भावजय, पुतणे सगळे आले. शेवटी रणजीत म्हणाला, बिल्डिंगच्या धंद्याचं नाव खाली येऊ द्या, तेवढंच दिसेल. तेही आलं. होता होता स्टीलची पाटी दाराच्या फळीएवढी झाली, लाल अक्षरांत कोरलेली.

नदीम मशीन बसवून, चालवून, समजावून गेला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि शिवाशेठने आपल्या साइटवरच्या माणसाला पाटी मारायला सांगितलं. कुठे, तर दारातून आत शिरल्याबरोबर नजर जाईल त्या अंगाला. त्याच अंगाला ती जाळी होती. पाटी जाळीवर चपखल बसली, जणू मापच घेतलं होतं. नमिता मॅडम काहीतरी बोलायला पुढे आल्या होत्या, पण तेवढ्यात फोटो काढायला सगळे उभे राहिले आणि शेठचे डोळे भरून आले होते. त्याही फोटोत जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर शिवाशेठ क्लबात यायला लागला. आधी फोन करायचा, मग यायचा. तो आला की मशीन घरघरत असायचं. तो पाटीवरून रुमाल फिरवायचा, चहा घ्यायचा आणि पाच-दहा मिनिटांत निघायचा. मुली तिकडे नेम धरून उभ्या असायच्या, त्यांच्याकडे त्याचं लक्ष नसायचं. सगळं ठीक चाललंय असं मानून तो मजेत होता.

एका शनिवारी गावातला दत्तू त्याच्याकडे आला. दत्तूही शेठच, पण शिवाशेठहून जरा धाकटा शेठ. त्यालाही आईच्या नावाने काहीतरी द्यायचं होतं. शिवाशेठला एवढं निमित्त पुरे झालं. "चल, तुला दाखवतो, देनगी कशी द्यायची ती," म्हणत तो दत्तूला गाडीत घालून थेट क्लबात घेऊन गेला. फोन करायचं राहून गेलं.

आत शिरला तो थबकलाच. निळं मशीन गप्प उभं होतं. त्याच्या समोर करंजाड्याहून येणारी मारिया, कॉलेजातली मुलगी, घामाघूम होऊन हातपंप मारत होती. मनस्वी पंपाची पाय ठेवायची पट्टी दाबून धरून बसली होती. बाकीच्या मुली आपली पाळी यायची वाट बघत रायफली घेऊन उभ्या होत्या.

"हे काय चाललंय?" शिवाशेठ म्हणाला.

नमिता मॅडम पुढे आल्या, "काका, ते जरा..." एवढंच म्हणाल्या.

"चालू करा मशीन."

मशीन चालू झालं. शिवाशेठ दत्तूला पाटी वाचून दाखवायला लागला. तो पुतण्यांपर्यंत पोचला तोच तापल्या पत्र्याचा वास सुटला, आत काहीतरी खट् वाजलं आणि मशीन बंद झालं.

"बंद परला वाटतं, शेठ," दत्तू म्हणाला. बिचाऱ्याने तोंड शक्य तेवढं गंभीर ठेवलं होतं. मग त्याला अचानक काम आठवलं आणि तो रिक्षाने निघून गेला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार हे शिवाशेठला स्वच्छ दिसलं.

त्याचं डोकं फिरलं. त्याने तिथेच नदीमला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. चोर म्हणाला, भंगारवाला म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावावर फसवलंस म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला, मुलींसमोर म्हणू नये असं. नदीमने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "शेठ, जाळी उघडी हाय ना?"

"कसली जाळी?"

"बाजूची. मी सांगितलेली. तिथून हवा गेली नाय तर मशीन तापून आपोआप बंद होनार. आणि तापलेल्या हवेतलं पानी फिल्टर पकडू शकत नाय, ते बंदुकीत जानार."

शिवाशेठ मशीनभोवती जाळी शोधायला लागला. या अंगाला नाही, त्या अंगाला नाही. फोन चालूच होता. शेवटी मनस्वी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आबा, पाटीच्या मागे आहे."

ते फोनवर नदीमलाही ऐकू गेलं. नदीम म्हणाला, "ठेवतो, शेठ," आणि त्यानेच फोन बंद केला. रागावला असता, चार शब्द उलट बोलला असता तरी शिवाशेठला बरं वाटलं असतं.

कुणीतरी पेचकस आणून दिला. शिवाशेठने पाटीचे स्क्रू स्वतःच्या हाताने काढले. दोनदा पेचकस घसरला. मदतीला आलेल्या नमिता मॅडमना त्याने मानेनेच नको म्हटलं. पाटी सुटली. मागची जाळी धुळीने भरली होती, ती मनस्वीने पुसली. थोडं गार होऊ देऊन त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं, आणि ते चालत राहिलं. खुशाल चालत राहिलं, इतके दिवस एवढंच मागत असल्यासारखं.

शिवाशेठ भिंतीला टेकून खाली बसला. पाटी मांडीवर होती. इतके दिवस रुमाल फिरवला, पण नीट अशी त्याने ती आज पहिल्यांदा पाहिली. सगळ्यात वर पुतळाची ओळ होती, बारीक अक्षरांत. नावं वाढत गेली तशी कोरणाऱ्याने वरची ओळ लहान करत नेली होती, आणि ती शेठला विचारूनच. तिचं एकटीचं नाव असतं तर तळहाताएवढी पाटी पुरली असती, कुठेही बसली असती. मशीनचा श्वास कोंडला होता तो तिच्या नावाने नाही, बाकीच्यांच्या. धरती दुभंगावी असं त्याला वाटलं, पण तळमजल्याची फरशी चांगली पक्की होती.

"मॅडम, तुमी मना सांगितलं का नाय?" त्याने विचारलं. "मी येयाचो तवा मशीन चालू असायचा."

नमिता मॅडम संकोचल्या. "तुमचा फोन आला की लावायचो, काका. दहा मिनिटं चालतं ते. आज मुलींनी आधीच लावून बघितलं होतं, म्हणून लगेच बंद पडलं. पाटीवर आजींचं नाव होतं, ती काढायला कुणाचा हात धजत नव्हता. आणि तुम्हाला किती वाईट वाटेल, ते पण होतंच. आजी तुमच्याबद्दल एवढं सांगायच्या."

"काय सांगायची?"

मॅडमऐवजी मारियाच बोलली. पंप मारून तिचा श्वास अजून खालीवर होत होता. "तुम्हाला साइटवरनं वेळ मिळत नाही म्हणून येता येत नाही, नाहीतर रोज आले असते, असं म्हणायच्या. रोज रात्री जेवताना विचारायचात ना तुम्ही, आज कोणाचे किती आले? मारियाचा हात स्थिर झाला का? आजी दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला सगळं सांगायच्या, शेठ असं म्हणाले, शेठ तसं म्हणाले. मी स्पर्धेत मागे पडले तेव्हा तुम्ही नीट जेवला पण नव्हता. मी घरी जाऊन खूप रडले होते, काका. माझ्या घरी कोणी विचारत नाही."

शिवाशेठला अशी एकही रात्र आठवेना. आठवला तो फक्त पुतळाचा "बरं". तो इथे येत नव्हता त्याचं खरं कारण त्याने तिला घरात ओरडून सांगितलं होतं, आणि ते पोटात घालून ती रोज इथे येऊन त्याच्या तोंडी चांगले शब्द घालत होती. तिच्या पंप मारण्याची त्याला लाज वाटत होती, आणि त्याची लाज ती या मुलींपासून झाकत होती. तिच्या पश्चात इतके महिने तो येऊन मशीन पुसून गेला, तरी या मुलींपैकी एकीचाही नेम त्याने पाहिला नव्हता. या मुलीला सांगून टाकावं, असं काही नव्हतं गो, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण मारिया अशी विश्वासाने बघत होती की त्याची जीभ रेटेना.

आणि मनस्वी तिथेच होती. रोज रात्री त्याच्याबरोबर जेवायला बसणारी मनस्वी. ती गुडघ्यांवर रायफल घेऊन फडक्याने पुसत होती, पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होती.

"हो ना गं, मनस्वी?" मारियाने विचारलं. "रोज विचारायचे ना?"

शिवाशेठने नातीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"हो," मनस्वी म्हणाली. "आबा रोज विचारायचे."